मांडीचा स्नायू

मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' अशी दोन सर्वनामे आहेत. व्याकरणाच्या पुस्तकात त्यांच्यातला भेद एका ओळीत उरकला जातो. ऐकणाऱ्याला वगळले की 'आम्ही', सामावून घेतले की 'आपण'. हिंदीला आणि इंग्रजीला ही सोय नाही. मराठी ख्रिस्ती मंडळीत मात्र या भेदाला रोजचे वजन आहे. उपदेशक मंडळीशी बोलताना 'आपण' म्हणतो, आणि त्याच लोकांच्या वतीने देवाशी बोलू लागला की क्षणात 'आम्ही'वर येतो. प्रभूच्या प्रार्थनेत पहिल्याच संबोधनात 'आमच्या' येते, 'आपल्या' येत नाही. व्याकरणाने ते बरोबरच आहे, कारण ज्याच्याशी बोलायचे त्याला वगळावेच लागते. लहानपणी रविवारच्या शाळेत आम्हांला याचे काहीच वाटले नाही. आता वाटते. ज्याला पिता म्हणायचे त्यालाच सर्वनामाबाहेर ठेवून बोलायचे, ही प्रार्थनेची मूळ अवस्था असावी.

हा लेख लिहिणारे 'आम्ही' मात्र संपादकीय थाटाचे नव्हे. आम्ही खरोखरच दोघे आहोत, सख्खी बहीणभाऊ. थोरली शिरूरला माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. धाकट्याचे दौंडला छपाईचे आणि डीटीपीचे छोटे दुकान आहे. दोघांनाही एकच स्नायूंचा आजार आहे. तिला तो सव्विसाव्या वर्षी सुरू झाला, त्याला सत्ताविसाव्या. ती अजून चालते. तो २०२२पासून चाकाच्या खुर्चीत आहे. लेखात जिथे वेगळे करावे लागेल तिथे 'शिरूरची' आणि 'दौंडचा' असे म्हणू. गावांच्या नावाने माणसे ओळखण्याची आपल्याकडे रीतच आहे.

आजाराचे पहिले लक्षण म्हणजे पायातून चप्पल निसटणे. दुखत काही नाही, तापही नाही. चालताना पायाचा पंजा वर उचलला जात नाही, अंगठा जमिनीला घासतो आणि सपाट रस्त्यावर ठेच लागते. शिरूरच्या बाजारपेठेत शनिवारी गर्दीतून चालताना तिची चप्पल मागे राहू लागली तेव्हा घरात सगळे हसले. नंतर एका डॉक्टरांनी मणक्याचे निदान केले, दुसऱ्यांनी शिरेचे. दोन वर्षे कमरेला पट्टा आणि वजने लावून गेली. मग दौंडच्याचीही चप्पल निसटू लागली आणि मणक्याचे निदान आपोआप बाद झाले. एका घरात दोघांच्या मणक्यांनी एकच नाटक कशाला करावे?

रक्ततपासण्या, स्नायूचा तुकडा काढून केलेली तपासणी आणि शेवटी जनुकाची तपासणी, इतके झाल्यावर नाव मिळाले: जीएनई मायोपथी. या आजाराचा इतिहास वाचायला लागलो तेव्हा गंमत वाटली. १९८१ साली जपानमध्ये नोनाका यांनी त्याचे वर्णन केले. १९८४ साली इस्राएलात आर्गोव आणि यारोम यांनी पर्शियातून आलेल्या यहुदी कुटुंबांत तशाच आजाराची नोंद केली. हे दोन निराळे आजार आहेत असे बरीच वर्षे वाटत होते. २००१ साली जनुक सापडला आणि दोन्ही एकच निघाले. या जनुकाच्या सूचनेवरून शरीर सियालिक आम्ल नावाचे एक द्रव्य तयार करते. सूचनेत चूक असली की ते पुरेसे तयार होत नाही. मग ते गोळीतून दिले तर? इतका सरळ विचार कोणालाही सुचेल, तसा तो संशोधकांनाही सुचला, पण २०१७ साली त्याचा मोठा प्रयोग फसला. ती बातमी आम्ही दोघांनी एकाच संध्याकाळी आपापल्या घरी वाचली. त्या दिवशी एकमेकांना फोन केला नाही.

या आजाराची एक ओळख अशी की तो पायांचे बाकीचे स्नायू खातो, पण मांडीच्या पुढच्या बाजूचा मोठा स्नायू, क्वाड्रिसेप्स, बराच काळ सोडून देतो. पोटरीपुढचा स्नायू जातो, मांडीमागचा जातो, खुब्याचा जातो, आणि मध्ये हा एक राहतो, पूर ओसरल्यावर उभ्या राहिलेल्या एकट्या बाभळीसारखा. का सोडतो ते अजून नीट उलगडलेले नाही. या स्नायूकडे आम्हांला पुन्हा यायचे आहे.

त्याआधी नावाविषयी थोडे. मराठीत या रोगांना 'स्नायूक्षय' म्हणतात. कोशकाराच्या दृष्टीने शब्द निर्दोष आहे. परंतु शिरूरच्या आमच्या गल्लीत 'क्षय' या शब्दाला एकच अर्थ आहे, त्यामुळे शेजारच्या घरात आमच्यासाठी कप वेगळा निघाला. त्याच घरातल्या आजींनी मात्र आम्हांला न सांगता 'सत्पुरुषा'ला नारळ बोलला होता. हा सत्पुरुष म्हणजे इंग्रजी फौजेतला कर्नल विल्यम वॉलेस, १८०९ साली शिरूरच्या छावणीत वारला. त्याच्या थडग्याला गावकरी दोन शतके समाधी मानत आले आहेत. ख्रिस्ती मुलांसाठी हिंदू बाईने ख्रिस्ती गोऱ्याच्या थडग्याला नवस बोलावा, यात कोणी कोणाच्या धर्मात गेले हे आम्हांला सांगता येणार नाही. नारळाचा प्रसाद आम्ही खाल्ला. कप मात्र वेगळाच राहिला.

सरकारी शब्दांची कथा निराळी. १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते आणि त्यांत स्नायूंच्या आजाराचे नाव नव्हते. २०१६च्या कायद्याने ते २१ केले आणि मस्क्युलर डिस्ट्रॉफी यादीत आली. आमच्या आजाराच्या नावात 'डिस्ट्रॉफी' हा शब्द नाही, तेव्हा खिडकीपलीकडच्या कारकुनाला तो यादीत शोधून देण्यात दोन फेऱ्या गेल्या. अपंग, विकलांग, दिव्यांग अशी शब्दांची चढती भाजणीही आमच्या डोळ्यांदेखत झाली. 'दिव्यांग' या शब्दामागे सद्भावना असेल. पण संडासातून उठता न येणाऱ्या माणसाच्या अंगाला दिव्य म्हणणे हा अलंकार शिरूरची आपल्या नववीच्या वर्गात अतिशयोक्ती म्हणून शिकवते. मुले हसतात. तीही हसते.

मराठी भाषा एकंदरीत धडधाकट माणसांनी घडवलेली आहे. स्वतःच्या पायावर उभे राहणे, पाऊल उचलणे, मागचा पुढचा पाय, पाय रोवणे, पाय घट्ट असणे. आणि 'गुडघे टेकणे', ज्याचा वाच्यार्थ प्रार्थना आणि लक्ष्यार्थ पराभव. आमच्या देवळात प्रभुभोजनाच्या वेळी लोक पुढे जाऊन गुडघे टेकतात. शिरूरचीला गुडघे टेकता येतात, पण टेकलेल्या गुडघ्यांवरून उठता येत नाही. २०१४च्या सुमारास एका रविवारी ती तशीच राहिली. पुढची ओळ येऊन थांबली होती. पाळकसाहेब प्याला घेऊन उभे. मग दोन बायकांनी काखेत हात घालून तिला उठवले. तेव्हापासून भाकरी आणि प्याला तिच्या बाकापर्यंत येतात. आपण देवाकडे जावे ही रीत उलटी झाली. यात ईश्वरविद्येच्या दृष्टीने काही गैर नाही असे पाळकसाहेब म्हणाले, आणि ते खरेही आहे. पण त्या दिवसापासून तिच्यासाठी मंडळीच्या 'आपण'मधला एक तुकडा सुटा झाला.

जनुकाच्या तपासणीनंतर डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "आईवडील नात्यातले का?" होय, नात्यातले. आमच्या वडिलांनी मामाची मुलगी केली. म्हणजे आमची एक पणजी आणि एक पणजोबा आमच्या वंशावळीत दोन्ही बाजूंनी येतात. पणजोबा शिरूरचे, तिथे अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे एकोणिसाव्या शतकात होते, त्या मिशनच्या औद्योगिक शाळेत ते सुतारकाम शिकले. पणजी १९००च्या गुजरातच्या दुष्काळात केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ति मिशनमध्ये आलेल्या मुलींपैकी एक. आपल्या गावाचे नाव तिला शेवटपर्यंत सांगता आले नाही. तिथे छापखान्यात ती जुळारी होती, म्हणजे शिशाचे खिळे उचलून ओळी जुळवायची. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या बायकांना समजेल अशा मराठीत केलेले बायबलचे भाषांतर याच छापखान्यात बायकांच्या हातून छापले गेले. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर आला. त्यातली काही पाने पणजीने जुळवली असे घरात सांगतात. पुरावा म्हणून काही नाही. जुळाऱ्याचे नाव पानावर येत नसते.

जनुकातली आमची चूक एका अक्षराची आहे. हे रूपक नव्हे, अहवालात तसेच छापलेले असते: अमुक जागी अमुक अक्षराऐवजी अमुक. एकाच प्रतीत चूक असेल तर दुसरी प्रत सांभाळून घेते आणि माणसाला आयुष्यभर कळतही नाही. दोन्ही प्रतींत तीच चूक आली की आजार होतो. आईवडील दोघेही एकेक चुकीची प्रत बाळगून असतील तर प्रत्येक मुलाला चारांत एक इतकी शक्यता. आम्ही दोघे आणि दोघांनाही. ती चूक पणजीकडून आली की पणजोबांकडून, हे आता कोणी सांगू शकणार नाही. दौंडच्याचा धंदाच प्रुफे तपासण्याचा असल्यामुळे त्याने हे फार लवकर स्वीकारले. लग्नपत्रिकेत वधूच्या नावाचा काना राहिला तर बाराशे प्रती फेकाव्या लागतात. या पत्रिकेच्या फेकता येत नाहीत, एवढाच फरक, असे तो म्हणतो.

शिरूरचीला ते इतके सोपे गेले नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांधाला पाहून शिष्य विचारतात की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे. डॉक्टरांचा प्रश्न तोच होता, फक्त त्यात 'पाप' हा शब्द नव्हता. आई त्या वेळी शेजारच्या खुर्चीवर बसली होती. तिने पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, "माझ्या आत्याच्या घरात दिलं मला, मी काय करणार होते?" त्या अध्यायातले उत्तर प्रसिद्ध आहे: पाप कोणाचेच नाही, देवाची कार्ये दिसावीत म्हणून हे झाले. पूर्वार्ध आम्ही आईला पुन्हा पुन्हा वाचून दाखवला. उत्तरार्ध वाचताना आमची जीभ आजही अडखळते, कारण त्या आंधळ्याला संध्याकाळपर्यंत डोळे मिळाले होते.

केडगाव आमच्या दोघांच्या मधोमध आहे. शिरूरहून न्हावरे, पारगावचा भीमेवरचा पूल, चौफुला, की केडगाव आलेच. दौंडहून रेल्वेने पाटस आणि कडेठाण ही स्थानके गेली की केडगाव. चालता येत होते तोवर आम्ही महिन्यातून एकदा तिथे भेटत असू. मुक्तीच्या आवारात चिंचेच्या सावलीत बसून डबा खायचा आणि परतायचे. तिथे बसून रमाबाईंविषयी एक गोष्ट आमच्या ध्यानात आली, जी त्यांच्यावरच्या प्रवचनांत आम्ही कधी ऐकलेली नाही. रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टर होण्यासाठी. वाढत्या बहिरेपणामुळे ते शिक्षण त्यांना घेता आले नाही. पुढे १९०५ साली मुक्तीत जी आध्यात्मिक जागृती झाली तिची ख्याती जगभर पोचली. रात्रंदिवस प्रार्थना, अश्रू, अन्य भाषा. त्या गजराच्या केंद्रस्थानी असलेल्या बाईंना तो गजर नीट ऐकू येत नव्हता. त्यांचे कान बरे झाले नाहीत. १९२१ साली त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. त्यानंतरही त्या भाषांतराची प्रुफे पाहत राहिल्या. बहिरी बाई प्रुफे उत्तम वाचू शकते, हे दौंडच्याचे भाष्य.

रमाबाईंचे आम्हांला इतके अगत्य वाटण्याचे कारण एका चंगाई सभेत आहे. चंगाई म्हणजे आजार बरे होणे. हा शब्द मराठी ख्रिस्ती लोकांखेरीज फारसा कोणी वापरत नाही. अशा सभा आमच्या भागात अनेक होतात. त्यांतल्या एका सभेला दौंडचा गेला होता. शिरूरची गेली नाही. त्या वेळी तो घोट्यांना प्लास्टिकचे स्प्लिंट लावून काठीने चालत असे. उपदेशकाने त्याला व्यासपीठावर खुर्चीत बसवले, डोक्यावर हात ठेवला आणि उठून उभे राहण्याची आज्ञा केली. तो उठला. मंडपात एकच हालेलुया झाला. वाद्ये वाजली. स्वयंसेवकांनी त्याचे स्प्लिंट काढून घेऊन व्यासपीठाच्या कडेला, आधीच्या काठ्या-कुबड्यांच्या ढिगात ठेवले.

तो उठला तो मांडीच्या त्या स्नायूच्या बळावर. खुर्चीवरून उठणे हे त्या स्नायूचे काम आहे आणि आमच्या आजारात तोच शाबूत असतो. सभेच्या आदल्या दिवशीही तो तसाच उठत होता. चालणे हे दुसऱ्या स्नायूंचे काम. पण चालायला त्याला कोणी सांगितले नाही. दोन माणसांनी खांद्याला धरून खाली आणले. स्प्लिंट परत मिळाले नाहीत. नवे तयार होऊन यायला महिना लागला. त्या महिन्यात दुकानाच्या उंबऱ्यावर तो पडला आणि मनगट मोडले.

यावर आमच्या दोघांत जे भांडण झाले ते अजून मिटलेले नाही, आणि ते उपदेशकाविषयी नाही. त्याच्याविषयी आमचे एकमत आहे. भांडण त्या काही क्षणांविषयी आहे. शिरूरची म्हणते की ती फसवणूक होती आणि फसवणुकीत देव नसतो. दौंडचा म्हणतो, "ताई, फसवणूक त्यांची होती. उभा मी होतो. त्या वेळी मी जे म्हटलं ते मी देवाला म्हटलं." काय म्हटले ते तो सांगत नाही. तिनेही विचारणे सोडले आहे.

उत्पत्तीच्या बत्तिसाव्या अध्यायात याकोब रात्रभर एका अनोळखी पुरुषाशी झोंबी करतो. पहाटे तो पुरुष त्याच्या जांघेच्या सांध्याला स्पर्श करतो आणि सांधा उखळतो. याकोब आशीर्वाद मिळवल्याशिवाय सोडत नाही. आशीर्वाद मिळतो, आणि तो लंगडत निघतो. म्हणून इस्राएल लोक जनावराच्या जांघेचा तो स्नायू खात नाहीत, अशी टीपही ग्रंथकाराने जोडली आहे. एका स्नायूसाठी आख्खा आहारनियम! या गोष्टीत जो स्नायू दुखावला जातो त्याच्या अगदी पुढचा आमच्या आजारात वाचतो. यातून काही सिद्धान्त काढण्याचा मोह शिरूरचीला बरीच वर्षे होता. तिने एक निबंधही अर्धा लिहिला आणि टाकून दिला. आम्हांला आता त्या कथेतला दुसराच तपशील महत्त्वाचा वाटतो. ही रात्र भावाला भेटण्याच्या आदल्या रात्रीची आहे. ज्याला फसवून पळाला तो भाऊ, एसाव, समोरून येतो आहे. सकाळी याकोब लंगडत पुढे होतो आणि एसाव धावत येऊन त्याच्या गळ्यात पडतो. एक भाऊ लंगडतो, एक धावतो. धावणाऱ्याविषयी भाष्यकार फारसे लिहीत नाहीत.

आमच्या जोडीत धावणारे कोणीच नाही. पण २०२२ साली धाकटा खुर्चीत बसला आणि थोरली चालत राहिली, तेव्हा आमच्या 'आम्ही'ला पहिला तडा गेला. एकाच अक्षराची चूक, एकच आईबाप, आणि तरी वेग वेगळा. या आजारात सख्ख्या भावंडांतही तसे होते म्हणतात. तोपर्यंत रोज रात्री नऊ वाजता फोनवर आम्ही एकत्र प्रार्थना करत असू. त्या वर्षी तो म्हणाला, "तू माझ्यासाठी मागतेस तेव्हा तुझा आवाज डॉक्टरांसारखा येतो." ती म्हणाली, "मग तू माझ्यासाठी माग." तो म्हणाला, "काय मागू? तुझे चालताहेत." पावसाळ्याचे चार महिने फोन झाले नाहीत. या चार महिन्यांत शिरूरची एकटीने स्तोत्रसंहिता वाचत होती. विलापाची स्तोत्रे बहुतेक शेवटी वळण घेतात, स्तुतीवर येतात. अठ्ठ्याऐंशीवे घेत नाही. ते अंधारातच संपते, अक्षरशः. संपादकांनी ते गाळले नाही, त्याच्या शेवटी दिलाशाची एक ओळही जोडली नाही. साहित्याची विद्यार्थिनी म्हणून तिला त्या अज्ञात संपादकांविषयी जो आदर वाटला तो विश्वासापेक्षा फार वेगळा होता असे तिला वाटत नाही.

फोन पुन्हा सुरू झाले ते भक्तीमुळे नव्हे, जिन्यामुळे. दौंडच्याच्या देवळाला पाच पायऱ्या आहेत. खुर्चीसह त्याला वर न्यायला चार माणसे लागतात. पहिले सहा महिने चार माणसे सहज मिळाली. मग तीन. मग एका रविवारी तो फाटकापाशी गाणी ऐकून परत आला. योहानाच्या पाचव्या अध्यायात तळ्याकाठी अडतीस वर्षे पडलेला रोगी आहे. बरा होऊ इच्छितोस का असे विचारल्यावर तो हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. मला पाण्यात सोडायला माणूस नाही म्हणतो. या उत्तराला कित्येक प्रवचनांत सबब ठरवलेले आम्ही ऐकले आहे. ज्याने चार माणसांची वाट पाहिली आहे त्याला ती सबब वाटणार नाही. आणि मार्काच्या दुसऱ्या अध्यायात चौघे जण छप्पर उसकटून पक्षघात्याला खाली सोडतात तिथे येशू विश्वास पाहतो तो त्या चौघांचा, निदान कथेत सर्वनाम अनेकवचनी आहे. पडलेला माणूस तोंडातून शब्द काढत नाही. त्याचा विश्वास किती होता, होता की नव्हता, कोणी विचारत नाही. चंगाई सभेत विचारतात.

तरुण संघाने शेवटी उताराचा रस्ता बांधून दिला. फार प्रेमाने, एका शनिवारी, दोन पोती सिमेंट आणि उरलेल्या शहाबादी फरश्यांतून. नियमाप्रमाणे एक फूट उंचीला बारा फूट लांबी हवी. जागा होती तेवढ्यात त्यांनी एकास चार केली. खुर्ची त्यावरून वर जात नाही आणि खाली येताना थांबत नाही. तेव्हा चार माणसे लागतातच, दोन ओढायला आणि दोन रोखायला. मात्र आता ती दर रविवारी हजर असतात, कारण उतार त्यांनी बांधला आहे.

विश्वासाने आम्हांला बळ दिले असे लिहायची पद्धत आहे. आमच्या बाबतीत हे विधान निदान स्नायूंपुरते खोटे आहे, आणि मनापुरते अर्धवट. पौलाने शरीरातला काटा काढावा म्हणून तीनदा विनंती केली आणि नकार मिळाल्यावर तो थांबला. आम्ही तीनवर थांबलेलो नाही. पहाटे तीनला कूस बदलता येत नाही तेव्हा विनवणी करतो, आणि कूस बदलायला बायकोला हाक मारतो. दोन्ही हाका एकाच श्वासात जातात. रात्री नऊचा फोन आता होतो तेव्हा एकमेकांसाठी काही मागायचे नाही असा आमचा करार आहे. दिवसात काय गळून पडले ते सांगायचे: ताटली, खडू, माउस. मग प्रभूची प्रार्थना, आणि 'आमच्या' म्हणताना दोघांचा आवाज टेलिफोनमुळे किंचित मागेपुढे पडतो.

सध्या दौंडच्याने एक काम घेतले आहे. देवळातल्या म्हाताऱ्यांना वाचता यावे म्हणून मार्काचे शुभवर्तमान मोठ्या टायपात, सोप्या मराठीत, साध्या पुस्तिकेसारखे काढायचे. त्याच्या बोटांतही आता जोर कमी झाला आहे, तो दोन बोटांनी अक्षरे जुळवतो. शिरूरची प्रुफे पाहते. दुसऱ्या अध्यायावर आम्ही तीन आठवडे अडून बसलो आहोत. पक्षघाती ज्यावर होता आणि जे उचलून तो घरी गेला त्याला मराठीत काय म्हणायचे? बाज, खाट, की अंथरूण? मार्काने वापरलेला ग्रीक शब्द 'क्राबात्तोस', गरिबाच्या अंथरुणाचा, बाजारी शब्द. लूकने तो टाळून सभ्य शब्द घातला. चौथ्या शतकात सायप्रसमध्ये ट्रिफिलियस नावाच्या विद्वान बिशपाने प्रवचनात तसाच सभ्य शब्द वापरला, तेव्हा पूर्वी मेंढपाळ असलेला बिशप स्पिरिडॉन सर्वांसमोर उठला आणि ज्याने हा शब्द उच्चारला त्याच्यापेक्षा तू मोठा का, असे विचारून गेला. सोझोमेनच्या इतिहासात ही हकीकत आहे.

शिरूरची 'बाज'च्या बाजूची आहे. घोडनदीच्या काठच्या म्हाताऱ्या बाजच म्हणतात, बाजेला चार पाय असतात आणि चार माणसे लागतात, म्हणून. दौंडच्याचे म्हणणे, बाज उचलून एकट्याला गर्दीतून चालता येणार नाही, सुतळीची असली तरी. शब्द असा हवा की नुकताच बरा झालेला माणूस तो काखेत मारू शकेल. तिने विचारले, "तू उचलून पाहिलीस का?" तो म्हणाला की दुकानातल्या पोऱ्याला उचलायला लावून पाहिली, आणि पोऱ्या दारात अडकला. गुरुवारी चौथे प्रूफ यायचे आहे.